मागच्या बाकावरचा शुक्रवार

शुक्रवारी दुपारी पाऊण वाजता बारावी विज्ञानचे सगळे टॅब कपाटात गेले आणि शिपाई चांगदेवकाकांनी कुलूप लावलं. शेवटचा टॅब ऋतिकाचा होता. तो आत सरकवताना पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसत होता. ऋतिकाने तो पाहिला, पण त्याचा अर्थ तिला जिना उतरताना लागला.

ती तशीच माघारी धावली. खोली बंद होती. चांगदेवकाका मागच्या दाराने निघून गेले होते. ऑफिसलाही टाळं लागलेलं. गॅलरीत कुणी नव्हतं आणि कुठूनही कसलाही आवाज येत नव्हता.

लाल ठिपका म्हणजे रेकॉर्डिंग चालू. तास सव्वाबाराला संपला होता. तास संपल्यावर ती आणि नेत्रा मागच्या बाकावर बसून बोलत होत्या.

नारपोलीतल्या या कॉलेजात टॅब जूनमध्ये आले. भूपेशशेठ नावाच्या एका गोदाममालकाने ते दिले. प्रत्येक टॅबच्या पाठीवर शेठचं नाव आणि हसरा फोटो चिकटवलेला आहे, त्यामुळे टॅब पालथा ठेवला की शेठ छताकडे बघून हसत राहतात. टॅब घरी न्यायचे नाहीत. तासाला घ्यायचे, सुटताना कपाटात चार्जिंगला लावायचे. वर्गात कागदी वही बंद. रोज एकाची पाळी असते. ज्याची पाळी, त्याने तास रेकॉर्ड करायचा आणि नोंदी लिहायच्या. टॅबला वायफाय मिळालं की ती नोंद आवाजासकट वर्गाच्या सामायिक वहीत जाते आणि त्याच क्षणी सगळ्या पालकांच्या फोनवर निरोप जातो. पोरं कॉलेजात काय करतात ते घरी कळलं पाहिजे, असं शेठ टॅब देताना भाषणात म्हणाले होते. टाळ्या पालकांनीच वाजवल्या.

ऋतिकाला सुरुवातीला टॅब आवडला होता. एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की तो शब्द लिहिला जात असताना भौतिकशास्त्राच्या पार्वती मॅडम काय बोलत होत्या तेवढंच ऐकू यायचं. पण दिवाळीपर्यंत तिच्या लक्षात आलं की वर्गात कुणी लिहीतच नाही. ज्याची पाळी त्याच्या नोंदीची बाकीचे वाट बघत बसतात. दुसरं म्हणजे, वहीत खोडलेलं गणित रेघेखाली दिसतं, आपण कुठे घसरलो ते कळतं. टॅबवर चूक पुसली की ती नव्हतीच असं होतं आणि मग तीच चूक चाचणीत परत येते. तिने हे मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "चांगला मुद्दा आहे, मला लिहून पाठव." तिने टॅबवर लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

घरी ती सगळं परत कागदावर उतरवायची. मानकोलीच्या गोदामात ड्युटी करणारे तिचे बाबा ते बघून म्हणायचे, "आमच्या पण हातात दिलंय असलंच एक. पार्सलवर धरायचं, टुक करतं. ते चुकत न्हाय म्हणतात. चूक निघाली की ती आपली."

त्या शुक्रवारी पाळी ऋतिकाची होती.

मागच्या बाकाची गोष्ट अशी आहे. वर्गाच्या मागच्या खिडकीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे, मध्ये जेमतेम एक गटार. दिवसभर खटखट चालू असते. पुढच्या बाकांवर ती सवयीने ऐकू येईनाशी होते, पण खिडकीजवळ बसलं तर शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. म्हणून ज्याला काही खासगी बोलायचंय तो मागच्या बाकावर जातो. तिथे मोठ्याने बोललं तरी दोन बाकं पुढे काही पोचत नाही. भांडणं तिथे मिटतात, पहिल्यांदा सिगारेट कुणी ओढली ते तिथे कळतं. टॅब आल्यावरही यात फरक पडला नव्हता. त्या बाकावरून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त खटखट येते हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर नोंदीची पाळी असली की पुढे बसायचं असा नियम होता.

ऋतिका तासभर पुढेच बसली होती. तास संपल्यावर टॅब छातीशी धरून मागे गेली, कारण नेत्राने तिकडून हात हलवला.

नेत्रा काल्हेरची. वडील हरेशकाका रेती-विटांचा धंदा करतात. नेत्रा कबड्डी खेळते आणि चढाईला जाते. दहावीपर्यंत हरेशकाका तिला स्वतः मोटारसायकलवरून सामन्यांना न्यायचे आणि रेषेबाहेर उभे राहून पंचांना शिव्या द्यायचे. बारावी सुरू झाली आणि ते म्हणाले, आता वर्षभर खेळ बंद. परीक्षा झाली की परत. पण पुढच्या वर्षी नेत्रा वयामुळे कुमारी गटात बसत नाही. निवड शिबिर याच रविवारपासून, पुण्यात. जिल्ह्याच्या मुलींची बस पहाटे ठाण्याहून सुटणार होती.

नेत्राने घरी सांगितलं होतं की पार्वती मॅडम वर्गाला पुण्याला विज्ञान शिबिराला नेणार आहेत. हरेशकाकांनी खात्री करायला ऋतिकाला फोन केला, आणि ऋतिकाने सांगितलं, हो काका, मी पण चाललेय. नेत्राचे बूट आणि कपड्यांची पिशवी ऋतिकाच्या घरी शिलाई मशीनखाली ठेवलेली होती.

हे सगळं, नावानिशी आणि बसच्या वेळेसकट, दोघी मागच्या बाकावर बोलल्या होत्या. नेहमीच्याच आवाजात.

अंजूरफाट्याच्या रिक्षा स्टँडवर नेत्रा वडापाव खात उभी होती. ऋतिकाने सांगितलं तेव्हा तिने घास गिळायच्या आत विचारलं, "कधीपासून चालू होता?"

"तासापासून. मी बंदच केला नाही."

"वा! वर्गातली हुशार पोरगी. एक बटन दाबता येत न्हाय तुला?"

"तू हात केलास म्हणून मी उठले."

"म्हंजे माझी चूक?" नेत्राने उरलेला पाव कागदात गुंडाळला. मग थोडं हसून म्हणाली, "अगो पण मागच्या बाकाचं काय ऐकू येतंय? नुसतं खडखड येल. मागे त्या रीमाचं नव्हतं का आलेलं, एक तास लूमच लूम."

"नेत्रा, आज शुक्रवार आहे."

"मग?"

"लूम बंद होते."

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी असते आणि त्याच दिवशी दुरुस्तीसाठी लाइटही जाते. वर्गात पंखा फिरत नव्हता. दोघींनी घाम पुसला होता, खिडकी सताड उघडली होती आणि शांततेत एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडल्या होत्या. वर्ग रिकामा होता म्हणून कुणी हसलं नाही, एवढंच.

"मी बसची वेळ सांगितली," नेत्रा म्हणाली.

"आणि तुझ्या बाबांना फोनवर काय थाप मारली ते मी सांगितलं. त्यांच्या आवाजाची नक्कल करून."

"ती चांगली केलीस पण." या वेळी नेत्रा हसली नाही. "बाबा तर कधी उघडत न्हाईत ते. त्यांना गुड मॉर्निंगचा पण कंटाळा. नंबर आईचा दिलाय."

"मग बरं आहे."

"काय बरं हाय? आई ऐकते ना! सगळा तास ऐकते. संध्याकाळच्याला भाकऱ्या थापताना फोन फळीवर ठेवते आणि लावते. तिला मॅडमचा आवाज आवडतो. मला विचारते, हे चुंबकाचं काय गो सांगतात? हात पिठाचे असतात, म्हणून संपलं तरी बंद करत न्हाय. आणि बाबा तिथंच ओटीवर बसलेले असतात."

कॉलेजात लाइट नसल्याने वायफाय बंद होतं. टॅब कपाटात बसून वाट बघत होता. रेकॉर्डिंग दोन तासांनी आपोआप थांबतं आणि रांगेत लागतं. लाइट शुक्रवारी सहाच्या सुमारास येते. ऋतिकाने आईच्या फोनवर वर्गाची वही उघडून पाहिली असती तरी उपयोग नव्हता. नोंद अजून वहीत आलेलीच नव्हती, आणि एकदा आली की ती तिथून फक्त शिक्षकांनाच काढता येते. काढायचं तर कपाटातल्या टॅबमधूनच, आणि सहाच्या आत.

चांगदेवकाका शुक्रवारी मेव्हण्याच्या कारखान्यात मशिनांना तेल घालायला जातात, हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. कारखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. दारातून दोघी आत डोकावल्या तेव्हा बंद लूमच्या रांगेत काका वाकून बसले होते आणि एक कामगार हातपंपाने धाग्यांवरचा कापूस उडवत होता.

"क्या चांगदेव, तेरे स्टुडंट आए हैं," कामगार ओरडला. "फीस लाए क्या?"

"मेरी फीस चाय है," काका म्हणाले आणि हात पुसत बाहेर आले. "काय गं पोरींनो?"

ऋतिकाने सांगितलं की टॅबमध्ये तिची नोंद चुकली आहे आणि ती आजच नीट करायची आहे.

"कपाटाची चावी ऑफिसात ठेवली. ऑफिसची चावी क्लार्कसायेब घेऊन गेले कल्याणला. सासऱ्याचं काय तरी हाय."

"काका, पाच मिनिटांचं काम आहे."

"अगं, टॅब काय पळून चाललाय का? उद्या सकाळी ये."

"उद्या उशीर होईल," नेत्रा म्हणाली.

"कसला उशीर? नोंद नीट जाणार. त्याची काळजी करू नको." काकांनी समजावलं. "लाइट आली की आपोआप चालू होतंय सगळं. मी रोज वायफायचा खटका चालूच ठेवून जातो. मागं एकदा बंद केला तर मोठ्या सायबांनी मला झापला, पालकांचे फोन आले म्हणून."

"खटका कुठे असतो काका?"

"ऑफिसात."

पंपवाला कामगार ऐकत होता. तो म्हणाला, "बेटा, आज सब बंद है. आज के दिन कुछ नहीं बिगड़ता."

गल्लीतून परतताना नेत्राने सुचवलं की मागच्या गटारावरून खिडकीत चढता येईल. ती खरंच चढली असती. पण खिडकी वर्गाची होती, कपाटाच्या खोलीची नव्हे. दोघी कॉलेजच्या भिंतीपर्यंत जाऊन वर बघून परत आल्या. नेत्राला एका जागी उभं राहवत नव्हतं. ती चालता चालता चढाईला निघाल्यासारखी उजवा पाय पुढे टाकायची, मागे घ्यायची.

"पार्वती मॅडमना फोन करू," ऋतिका म्हणाली. "पालकांना जाणारा निरोप त्या थांबवू शकतात. मागे चाचणीच्या वेळी थांबवला होता."

"आणि काय सांगशील? मॅडम, तुमच्या नावाने पुण्याला पळतोय, जरा सांभाळा?"

"दुसरं कोण आहे?"

"तू सांग खोटं काहीतरी. तुझं काय तरी प्रायव्हेट हाय म्हण."

"त्या ऐकतील ना नंतर. तेव्हा?"

दोघी ऋतिकाच्या घरी गेल्या. आई, म्हणजे काशीबाई, शिलाई मशीनपाशी ब्लाउजला हाताने काज करत बसली होती. काजाचं काम लाइट नसली तरी थांबत नाही. तिच्या पायाशी नेत्राची पिशवी होती.

"ही पिशवी कधी नेणार गं? सारखी पायात येते," आई म्हणाली.

"रविवारी, मावशी."

"कुठलं शिबिर ते? ही मला काही सांगत नाही."

"विज्ञानाचं," दोघी एकदम म्हणाल्या.

ऋतिका आईचा फोन घेऊन गॅलरीत गेली. मॅडमनी तिसऱ्यांदा उचलला. त्या डोंबिवलीला घरी होत्या, मागे कुकरची शिट्टी वाजत होती. ऋतिकाने खोटं ठरवून ठेवलं होतं, पण "मॅडम, आजच्या नोंदीत" एवढं म्हटल्यावर तिच्याकडून खरं तेच सांगितलं गेलं. सगळं. शिबिर, फोन, नक्कल.

पलीकडे मॅडमनी गॅस बंद केला.

"माझं नाव कुणी घेतलं?"

"नेत्राने. पण खात्री मी दिली."

"रविवारी तिच्याबरोबर कोण असणार?"

"जिल्ह्याच्या कोच आहेत. अजून अकरा मुली आहेत."

"आणि घरी समजतात, मी आहे. वाटेत काही झालं तर ते मला विचारणार. हे आलं होतं का तुमच्या डोक्यात?"

"नाही मॅडम."

"निरोप थांबवला तर मी तुमच्यात सामील झाले. नाही थांबवला तर त्या मुलीचं..." मॅडमनी वाक्य पुरं केलं नाही. "ही निवड एकदाच आहे का?"

"पुढच्या वर्षी वय बसत नाही तिचं."

"मी बघते," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे थांबवाल?"

"बघते म्हटलं ना, ऋतिका."

फोन बंद झाला. नेत्रा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. काही वेळ तिने गॅलरीच्या कठड्यावर बोटांनी ताल धरला.

"बघते म्हंजे काय?"

"माहीत नाही."

"बघते म्हणणाऱ्या माणसाच्या भरवशावर मी चढाई करत न्हाय," नेत्रा म्हणाली आणि चपला घालू लागली. "मी घरी जाते."

"आणि?"

"सांगते बाबांना. फळीवरच्या फोनमधून ऐकण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकू दे. ओरडतील. पण समोर असली की ते जास्त वेळ ओरडत न्हाईत, त्यांना खोकला येतो."

"नाही म्हणाले तर?"

"मग न्हाय." नेत्राने पिशवीकडे पाहिलं. तिने ती उचलली, पुन्हा मशीनखाली ठेवली. "राहू दे इथंच. नेली तर वाटेल, सामान बांधूनच आली भांडायला."

"मी येऊ?"

"तू नको. तुला बघितलं की त्यांना नक्कल आठवेल." ती जिन्यावर गेली आणि परत वर आली. "ए, खरंच चांगली केली होतीस पण."

तेव्हा पाच वाजून गेले होते. अंजूरफाट्याहून काल्हेरला शेअर रिक्षाने अर्धा तास, पण संध्याकाळी गोदामांचे ट्रक सुटतात तेव्हा वाटेतल्या पूर्णा गावापासून रांग लागते. साडेपाचला नेत्राचा मेसेज आला: पूर्णा. पुढे काही नाही. नंतर ऋतिकाने केलेला फोन लागला नाही.

ऋतिकाने कागदी वही काढली आणि तासाचे मुद्दे आठवून लिहायला बसली. सगळ्या तासातली तिला तिनेच काढलेली एकच आकृती आठवली, गुंडाळी आणि तिच्यातून जाणारं चुंबक. टॅबवर त्या आकृतीच्या बाजूला, नेत्रा बोलत असताना, तिने पेनाने कबड्डीचं मैदान काढलं होतं, मध्यरेषा आणि बोनसरेषा. त्या मैदानावर कुणी बोट ठेवलं तर तिथूनच आवाज सुरू होणार. ते तिने मॅडमना सांगितलं नव्हतं.

सहाला थोडी मिनिटं असताना पंखा फिरायला लागला.

"आली बाई," आई म्हणाली आणि मशीनचं बटण दाबलं.

ऋतिका फोन हातात धरून बसली. पहिल्यांदा काही आलं नाही. तिला वाटलं, मॅडमनी थांबवलं. मग फोन थरथरला. आजची नोंद, भौतिकशास्त्र. नोंद करणारी: ऋतिका.

तिने उघडलं, पण आवाज चालू केला नाही. खाली लिहिलेलं होतं, ऐकलं: शून्य. वर्गातले बहुतेक पालक हे कधीच ऐकत नाहीत. ते तिला माहीत होतं. तिने नेत्राला फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. मॅडमना लावला. तो दुसऱ्या कॉलवर व्यस्त होता.

तिने पान पुन्हा उघडलं. ऐकलं: एक.

ऐकणाऱ्याचं नाव ॲप दाखवत नाही. फक्त आकडा दाखवतं; तो एक म्हणजे मॅडम की फळीसमोरची नेत्राची आई, हे कळायला मार्ग नव्हता.

"काय गं, कुणाचं आहे?" आईने मशीन थांबवून विचारलं.

"कॉलेजचं."

"मग लाव की मोठ्याने. मी पण ऐकते."

ऋतिकाने पान तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा नोंदीच्या जागी एकच ओळ होती: ही नोंद शिक्षकांनी काढून टाकली आहे. ऐकणाऱ्यांचा आकडा मात्र खाली तसाच होता, एक. मॅडमचा फोन अजून व्यस्त लागत होता. नेत्राचा लागतच नव्हता.